बाबांनी फोनवर ऐकलेला रेडिएटर

मी घर सोडलं तेव्हा कारखान्याचा हंगाम ऐन भरात होता. २००२ चा जानेवारी. मुंबईला नेणारी जीप कॉलनीच्या दारात उभी होती, आई बॅगांच्या दोऱ्या तिसऱ्यांदा आवळत होती, आणि बाबा ड्युटीवर होते. साखर कारखान्याचा बॉयलर सांभाळणारा माणूस हंगामात रजा घेत नाही, मुलगी अमेरिकेला निघाली तरी घेत नाही, हे मला जन्मापासून माहीत होतं. तरी शेवटच्या मिनिटापर्यंत वाटत होतं की येतील. नाही आले. मग मीच नव्या चपला घालून, उसाच्या भुशातून वाट काढत बॉयलर हाऊसला गेले. त्यांनी चिंधीला हात पुसले, मी पाया पडले, ते म्हणाले, "पोचलीस की फोन कर." आणि वळून पुन्हा काचेकडे बघायला लागले. बॉयलरमध्ये पाणी किती आहे ते दाखवणारी ती उभी काच. लेकीपेक्षा ती काच त्यांना जवळची, हे मी मुंबईपर्यंत मनात घोळवत राहिले. आई शेजारी बसून दोघांच्या वाटचं रडत होती.

तो राग मी सामानाबरोबर इथे घेऊन आले. स्टेट कॉलेज नावाच्या युनिव्हर्सिटीच्या गावात नितीनची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, पीएचडी चालू होती. दोन खोल्यांचं अपार्टमेंट, खाली कॅम्पसची बस, आणि माझा व्हिसा असा की नोकरी करायची नाही. कॉलनीच्या शाळेत पाच वर्षं विज्ञान शिकवलेली मी, इथे बसच्या टाइमटेबलची पारायणं करत बसायचे. तुमच्यापैकी ज्या बायका नवऱ्यामागोमाग आल्या त्यांना हे वेगळं सांगायला नको. सकाळी एकदा दार बंद झालं की संध्याकाळपर्यंत आपला आवाज आपल्यालाच ऐकू येत नाही.

२००३ च्या जूनमध्ये आई गेली. आठवडाभराचं आजारपण. मी पोचले तेव्हा तिला जाऊन चौथा दिवस होता. बाबा ओट्यावर बसले होते, मला पाहून म्हणाले, "जेवून घे." पुढच्या वर्षी ते रिटायर झाले, कॉलनीतलं क्वार्टर सुटलं, आणि कारखान्यासमोरच रस्त्यापलीकडे त्यांनी दोन खोल्या घेतल्या. मी एकुलती एक. दर रविवारी सकाळी, म्हणजे त्यांच्या संध्याकाळी, मिनिटं मोजून देणाऱ्या कॉलिंग कार्डावरून फोन लावायचे.

"जेवलात का?"

"जेवलो."

"तब्येत?"

"बरी हाय. ठेवतो, तुझं कार्ड संपंल."

दोन मिनिटांचं कार्डसुद्धा आम्हाला पुरून उरलं असतं.

मग ऑक्टोबरात शांता मावशीचा फोन आला. या आमच्या कॉलनीतल्या शेजारी, आईच्या मैत्रीण. कारखान्याचा बॉयलर पेटला, हंगाम सुरू झाला, म्हणाल्या, आणि तुझा बाप रोज सकाळी डबा घेऊन गेटवर जाऊन बसतोय. नवा वॉचमन आत सोडत नाही, तरी शिफ्ट सुटेपर्यंत चहाच्या टपरीवर बसून धुराड्याकडे बघत असतो. डबा तसाच परत नेतो. "निम्मा झालाय गं माणूस. मंजे, त्याला असं ठेवू नगंस. ह्यो हंगाम लई वाईट जाईल त्याला."

त्या दिवशी मी ठरवलं. बाबांना इथे आणायचं, आणि याच हिवाळ्यात आणायचं. कारखाना चालू असताना त्यांना त्या गेटसमोर बसू द्यायचं नाही.

रविवारी फोन लावला तर त्यांचं उत्तर तयार होतं. "तिकडं बर्फ असतो. माझ्या छातीला सोसायचं न्हाई." भुशाच्या धुळीने त्यांच्या छातीची कायमची वाट लागली होती, ते खरं होतं. "आणि येऊन करू काय?" हेही पुढे जोडलं.

पहिल्या प्रश्नावर मी ठणकावून म्हटलं, "आमचं घर एकदम उबदार आहे, बाबा." दुसऱ्यावर मला काही सुचलं नाही. आणि पहिलं उत्तर तर सपशेल खोटं होतं.

घराचं सांगते. नितीनला युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये नोकरी लागली आणि त्या ऑगस्टमध्ये आम्ही गावाच्या जुन्या भागात एक दुमजली घर घेतलं. तळघरात गॅसवर चालणारा बॉयलर, त्याची वाफ नळीतून खोलीखोलीत जाते, आणि तिथे बिडाचे रेडिएटर तापतात. वाफेचं पाणी झालं की त्याच नळीतून परत खाली. जाताना वाफ, येताना पाणी, रस्ता एकच. साखर कारखान्याच्या मुलीच्या नशिबी अमेरिकेतही बॉयलरच यावा याचं मला तेव्हा हसू आलं होतं.

वास्तुशांत करायचं ठरलं. स्टेट कॉलेजात गुरुजी कुठले मिळायला, तर तीन तास ड्राइव्ह करून एक जण येणार होते. पूजेला घर लखलखीत हवं. मी भिंती रंगवल्या, आणि रंग उरला म्हणून आठही रेडिएटर पांढरे शुभ्र रंगवले, वरपासून खालपर्यंत, त्यांच्या कडेला असलेल्या बोंडाएवढ्या चंदेरी टोप्यांसकट. शिवाय सगळे रेडिएटर एका बाजूला कलले होते. कुणीतरी गबाळ्याने एकेका बाजूच्या पायाखाली लाकडाचे तुकडे सारून ठेवले होते. पाहुण्यांना ते तिरकं दिसलं असतं. मी ते सगळे तुकडे काढले, रेडिएटर ओळंब्यात उभे केले, आणि जुनं सागवानासारखं लाकूड वाया कशाला घालवा म्हणून त्या तुकड्यांवर देव्हारा बसवला. खंडेनवमीला तळघरात उतरून बॉयलरला हळदकुंकूही वाहिलं. झेंडू मिळाला नाही, तर सुपरमार्केटमधली शेवंती.

एवढी सेवा केल्यावर थंडी पडली आणि घर ठोके देऊ लागलं.

ठोके म्हणजे साधे नव्हेत. भिंतीत कुणी घण घेऊन बसलाय असं वाटावं. स्वयंपाकघरातून सुरुवात व्हायची, मग जिन्यातली नळी, मग वरची खोली. त्यात तो बॉयलर दोन मिनिटं पेटायचा, बंद व्हायचा, पाच मिनिटांनी पुन्हा पेटायचा, पुन्हा बंद. दिवसभर हेच. आणि एवढा तमाशा करून वरच्या खोल्या गारठलेल्या. बाबांसाठी मी जी वरची खोली ठरवली होती तिथे तर तोंडातून वाफ निघायची, रेडिएटरमधून नाही.

एक टेक्निशियन येऊन पाहून गेला. सिस्टिम म्हातारी झालीय, सगळं उपटून नवीन बसवा, म्हणाला. नितीन स्वभावाने गरीब, भांडण त्याला झेपत नाही. तो म्हणाला, "मंजू, यार, हा विंटर आपण स्पेस हीटरवर मॅनेज करू ना. बाबांचं नेक्स्ट इयर प्लॅन करू."

"नेक्स्ट इयर नाही," मी म्हटलं. "याच वर्षी."

"पण घर रेडी नाहीये."

"मग मी करते रेडी."

त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी अजून विसरलेले नाही. अविश्वास नव्हता त्यात, काळजी होती, आणि त्याने मला जास्त चीड आली.

लायब्ररीतून पुस्तकं आणली, वाचली, आकृत्या उतरवून घेतल्या. सगळं समजत होतं आणि नेमकं आपल्या घरात काय बिघडलंय ते समजत नव्हतं. आणि रविवारी फोनवर बाबांना मी सांगत होते की घर मस्त आहे.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी मी स्वयंपाकघरातून बोलत होते. "जेवलात का" झालं, "तब्येत" झाली, ते ठेवणार इतक्यात रेडिएटरने असा ठोका दिला की ओट्यावरची भांडी थरथरली.

"थांब," बाबा म्हणाले. "काय वाजलं?"

"काही नाही. रस्त्यावरून ट्रक गेला."

"ट्रक? नळीत पाणी अडकलंय. वाफ ढकलतीया त्याला. पुन्हा ऐकव."

मी रिसीव्हर रेडिएटरला लावून धरला. वर्षभरात बाबांनी स्वतःहून माझ्या घराबद्दल विचारलेला तो पहिला प्रश्न होता. दोन मिनिटं आम्ही दोघंही जगाच्या दोन टोकांना श्वास धरून त्या ठोक्याची वाट बघत होतो. तो झाला. मग दुसरा.

"कुणी हलवलाय का रेडिएटर?"

खोटं बोलणं संपलं होतं. मी सगळं सांगितलं. वास्तुशांत, तिरके रेडिएटर, लाकडाचे तुकडे.

मग ते म्हणाले, "मंजे, विज्ञान शिकवायचीस न्हवं तू? उतार काढून घेतलास. पाणी परत कुठनं येणार? तुकडे कुठं हायत?"

"देव्हाऱ्याखाली."

आणि बाबा हसले. आई गेल्यापासून त्यांना हसताना मी ऐकलं नव्हतं. खोकला येईपर्यंत हसले. "काढ. देवांना खाली बसायची सवय हाय."

देवांना पाटावर उतरवलं, तुकडे धुतले, आणि नितीनने रेडिएटर पहारीने उचलून धरले तेव्हा एकेक तुकडा मूळ जागी सारला. सारायच्या आधी बॉयलर बंद करून सगळं गार होऊ द्यायचं, ही बाबांची सक्त ताकीद. नितीनला घाई, मला धाक. मी त्याला दोन तास थांबवलं.

त्यानंतर रविवारचे फोन पाऊण पाऊण तासाचे व्हायला लागले. कार्डं भराभर संपत होती आणि बाबांनी त्याचा एकदाही उल्लेख केला नाही. उलट बुधवारी ते स्वतः एसटीडी बूथवरून फोन करून विचारायचे, "त्या काचेतलं पाणी हलतंय का नुसतं उभं हाय?" मी कॉर्डलेस घेऊन तळघरात जायचे, तिथे फोन खरखरायचा, तरी सांगायचे. पाणी गढूळ होतं, ते सोडून नवीन भरायला लावलं. बॉयलरचं प्रेशर किती ठेवू विचारलं तर म्हणाले, किती दिसतंय? मी म्हटलं, दीड पौंड. "दीड पौंड?" ते म्हणाले. "कुकरच्या शिट्टीला ह्याच्या धापट लागतं! ह्याला बॉयलर म्हणत्यात तिथं?" पण कमीच बरं, वाढवू नको, हेही लगेच सांगितलं. नितीनने जास्त ऊब मिळेल म्हणून ते वाढवून ठेवलं होतं एकदा, त्यावर त्याला फोनवरून बोलणी बसली. बिचारा "हो बाबा, हो बाबा" म्हणत उभा.

बॉयलर सारखा पेटतो-विझतो याचं कारण सापडायला मात्र तीन आठवडे लागले. बाबांनी मला पेटायच्या आणि विझायच्या वेळा लिहायला लावल्या, कुठली नळी कुठपर्यंत तापते ते हाताने चाचपून सांगायला लावलं. एक दिवस म्हणाले, "वाफ पुढं जाईना म्हणून प्रेशर लगेच चढतंय आणि बॉयलर बंद पडतोय. नळीत हवा बसलीया. ती बाहेर पडायला काय केलंय तिथं?"

मी रेडिएटरच्या कडेच्या त्या चंदेरी टोप्यांचं सांगितलं. हवा बाहेर सोडायची आणि वाफ आली की मिटायची, असं पुस्तकात लिहिलं होतं.

"मग त्या काय करत्यात?"

"रंगवल्यात," मी म्हटलं.

या वेळी ते हसले नाहीत. "आठीच्या आठी?" एवढंच विचारलं. मी व्हिनेगरमध्ये उकळून पाहिल्या, ऑइलपेंट कसला निघतोय. हार्डवेअरच्या दुकानातून नव्या आणल्या, एकेक हाताने फिरवून बसवली. नितीन ऑफिसला गेला होता, मी एकटीच होते. बॉयलर चालू केला आणि वरच्या खोलीत जाऊन रेडिएटरजवळ जमिनीवर बसले. आधी टोपीतून हवेचा बारीक सुस्कारा. मग बिडाचा पहिला कप्पा गरम, मग दुसरा, मग तिसरा. शेवटचा कप्पा तापला तेव्हा मी त्या रिकाम्या खोलीत मोठ्याने ओरडले. जवळजवळ तीन वर्षांत मी पहिल्यांदा काही करून दाखवलं होतं.

एक ठोका तेवढा राहिला होता, सामानाच्या खोलीतला. तोही बाबांनीच सोडवला. तिथे कुणी राहत नाही म्हणून मी रेडिएटरचा कॉक अर्धा बंद केला होता, आपण गॅस बारीक करतो तसा. "तसं चालत न्हाई," बाबा म्हणाले. "एक तर सगळा उघडा न्हाईतर सगळा बंद. अर्ध्या वाटंत वाफ आणि पाणी एकमेकाला धडकत्यात." पूर्ण उघडला. घर गप्प झालं. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बाहेर फूटभर बर्फ आणि आत आम्ही बिनस्वेटरचे.

रविवारी मी विजयाने फोन केला. "बाबा, एकही ठोका नाही. बॉयलर तब्बल अर्धा तास सलग चालतो. आता तिकीट काढू?"

"चाललं न्हवं सगळं? छान झालं." मग थांबून, "मग आता मी येऊन करू काय? ठेवतो, तुझं कार्ड संपंल."

पुढच्या रविवारी पुन्हा जेवलात का, जेवलो. बुधवारचा फोन आला नाही. शांता मावशींना विचारलं तर म्हणाल्या, मधे चार आठवडे गेटवर दिसला नव्हता, एसटीडी बूथवर तेवढा दिसायचा, आता पुन्हा टपरीवर बसतोय.

मी जिन्यात बसून राहिले. इतकी खपले, घर उबदार केलं, आणि ते केल्यामुळेच बाबा माझ्या हातून निसटत होते. येऊन करू काय, या प्रश्नाला माझ्याकडे अजूनही उत्तर नव्हतं. "माझ्याजवळ बसा" हे उत्तर होतं, पण आमच्या घरात असं बोलायची रीत नव्हती, आणि गेटवर बसणाऱ्या माणसाला ते पुरेल यावर माझा विश्वास नव्हता. अर्ध्या तासाने मी उठले, वरच्या खोलीत, त्यांच्या खोलीत गेले आणि तिथल्या रेडिएटरचा कॉक अर्धा बंद केला.

रविवारी ठोका पडायची वाट बघून फोन लावला आणि रिसीव्हर रेडिएटरला धरला. "बाबा, हे पुन्हा सुरू झालं. उतार बघितला, बरोबर आहे. टोपी नवी आहे. पाणी स्वच्छ आहे. सगळं करून झालं." घडाघडा बोलले. शाळेत खोटं बोलणारी पोरं अशीच जास्तीचं सांगतात.

पलीकडून त्यांच्या घरासमोरच्या टपरीवरचा रेडिओ ऐकू येत होता.

"अजून एकदा ऐकव," बाबा म्हणाले. ऐकवलं. मग म्हणाले, "ह्ये फोनवर न्हाई जमायचं. पासपोर्टला किती दिवस लागत्यात?"

ते फेब्रुवारीच्या शेवटी आले. नितीनने दिलेला कोट त्यांच्या अंगावर गोधडीसारखा लोंबत होता. दारातून आत आल्यावर मी चहा टाकते म्हटलं तर म्हणाले, आधी खाली बघू. तळघरात उतरले, बॉयलरच्या काचेतलं पाणी बघितलं, नळ्यांवरून हात फिरवला. मग वर. एकेका खोलीत जाऊन प्रत्येक रेडिएटरला तळवा लावत शेवटी आपल्या खोलीत पोचले. मी दारात उभी. ते वाकले, कॉकवर हात ठेवला आणि एका दमात पूर्ण उघडला. दुसरं काही तपासलंसुद्धा नाही.

"बाबा," मी म्हटलं, "तो मीच..."

"ठाव हाय." ते गुडघ्यावर हात ठेवून उठले. "फोनवरच कळलं हुतं. उतार चुकला की ठोका एकदम बसतो. कॉक अर्धा असला की आधी खुळखुळतं, मग ठोकतं. पस्तीस वर्षं ऐकतोय मी."

"मग आलात कशाला?"

"माझ्या पोरीला खोटं बोलून मला बोलवाय लागतंय," ते म्हणाले, "म्हटलं, लई झालं आता. जावं."

मी तिथेच भिंतीला टेकून रडले. आईच्या वेळीसुद्धा अशी रडले नव्हते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून उभे राहिले. रेडिएटर तापत होता, त्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

आता २००८ चाललंय. बाबा दर वर्षी दिवाळी झाली की येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत जातात. तिकडे राहिलेले तुम्ही मला फोनवर विचारता, आता घर कुठलं म्हणायचं? इकडे आलेले तुम्हीही पॉटलकला, म्हणजे घरून एकेक पदार्थ आणून जमतो तिथे, ताट हातात घेऊन तेच एकमेकांना विचारत असता. बरीच वर्षं मी त्यावर काहीतरी गमतीचं बोलून वेळ मारून न्यायचे. आता तसं करत नाही. हल्ली मी घरात काहीच बिघडवून ठेवत नाही. फोन लावते आणि सरळ म्हणते, "बाबा, करमत नाही. या." एवढं साधं वाक्य बोलायला मला आमच्या कॉलनीत कधी जमलं नाही. ते मी ज्या स्वयंपाकघरात उभी राहून बोलते, ते माझं घर आहे.